टेलिमेडिसिन सुरू करताना डॉक्टरांना पडणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करताना २०२० च्या टाळेबंदीत मी व्हिडिओवर, म्हणजे टेलिमेडिसिनने, पेशंट बघायला लागलो. तेव्हापासून आमच्या डॉक्टरमंडळींचे त्याबद्दलचे फोन थांबलेले नाहीत. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. हे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी प्रश्न १६ पाहा. खाली ‘गाइडलाइन्स’ म्हटलं आहे तिथे मार्च २०२० मधल्या टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स समजाव्यात.

१. फोनवर किंवा व्हिडिओवर पेशंट बघणं कायदेशीर आहे का?

हो. २५ मार्च २०२० रोजी गाइडलाइन्स जाहीर झाल्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी त्या वेळी कारभार बघणाऱ्या नियामक मंडळाने त्या नीती आयोगाच्या सहकार्याने तयार केल्या होत्या. मे २०२० मध्ये त्या २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडल्या गेल्या. त्यामुळे त्या पाळणं ऐच्छिक नाही. मोडल्या तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं आणि तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलपुढे जाऊ शकते.

‘२०२३ मध्ये नियम बदलले ना?’ असं बरेच जण विचारतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले होते, पण तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्टला, ते स्थगित केले. म्हणून २००२ ची संहिता आणि तिचं परिशिष्ट हाच आधार धरायचा.

२. वेगळं लायसन्स लागतं का? माझी नोंदणी महाराष्ट्रात आहे, पेशंट बेळगावचा असला तर?

वेगळं लायसन्स नाही. राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला टेलिमेडिसिनने सल्ला देऊ शकतो. बेळगाव, पणजी, इंदूर, कुठलाही पेशंट चालेल. फक्त नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं नाही ना, ते बघा. ऑनलाइन प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी गाइडलाइन्समध्ये एक सक्तीचा ऑनलाइन कोर्सही सांगितला आहे. तो अधिसूचित झाल्यापासून तीन वर्षांत पूर्ण करायचा असतो. भारताबाहेरच्या पेशंटचं गणित वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

३. सुरुवातीला काय काय घ्यावं लागेल? खर्च किती?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. बरा कॅमेरा असलेला फोन, तो उभा ठेवायला स्टँड, माइकवाला हेडफोन आणि दार लावता येईल अशी खोली. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा; खिडकी पाठीमागे असली की पेशंटला तुमची नुसती काळी आकृती दिसते. आमच्याकडे वीज जाते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. घरचा नंबर आणि प्रॅक्टिसचा नंबर वेगळा करा. एवढं एक केलं तरी रात्रीची झोप आणि नोंदी दोन्ही वाचतात.

खरा खर्च वेळेचा आहे. चालू ओपीडीत समोर पेशंट बसलेला असताना मध्येच व्हिडिओ घेतला की दोघांचंही नुकसान होतं. दुपारचा एक तास ठरवा, त्याची अपॉइंटमेंट रिसेप्शनवरून द्या आणि आदल्या दिवशी जुने रिपोर्ट मागवून घ्या. माझं पहिल्या दोन महिन्यांतलं निम्मं काम ‘तो कागद कॅमेऱ्यासमोर सरळ धरा’ असं सांगण्यातच गेलं.

४. व्हॉट्सॲप चालतं का, की टेलिमेडिसिनचं ॲपच घ्यायला हवं?

चालतं. गाइडलाइन्समध्ये फोन, व्हिडिओ, व्हॉट्सॲपसारखं चॅट, ईमेल, फॅक्स ही सगळी साधनं नावानिशी आली आहेत. कोणतं साधन कधी वापरायचं हे मात्र तुम्ही ठरवायचं. फक्त मेसेजवर पेशंटचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. आणि पहिल्याच भेटीत औषध लिहायचं असेल तर माध्यमाने फरक पडतो (प्रश्न ७).

रोज दहा-बारा पेशंट होईपर्यंत व्हॉट्सॲपवर भागतं असं माझं मत आहे. त्यापुढे फोटो, रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन्स चॅटमध्ये हरवायला लागतात, तेव्हा सॉफ्टवेअर घ्या. ते घेताना एकच गोष्ट आधी विचारा: सोडून जायचं ठरवलं तर माझ्या पेशंटचे रेकॉर्ड मला परत मिळतील का, आणि कोणत्या स्वरूपात? उत्तर गोलमाल आलं तर दुसरं बघा.

५. संमती कशी घ्यायची? फॉर्मवर सही लागते का?

पेशंटने स्वतःहून कॉल केला तर संमती गृहीत धरली जाते. तुम्ही, तुमच्या दवाखान्याने, आरोग्यसेविकेने किंवा नातेवाइकाने सल्लामसलत सुरू केली तर मात्र स्पष्ट संमती हवी. सही लागत नाही. ‘मला टेलिमेडिसिनने सल्ला घ्यायला संमती आहे’ असा मेसेज, ईमेल किंवा आवाजातला निरोप पुरतो. तो आला अशी नोंद केसपेपरवर करायची.

ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे. निनावी सल्ला चालत नाही. तुमचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पेशंटला कळला पाहिजे. पेशंटचं नाव, वय, पत्ता, फोन तुम्ही विचारायचा. वयाबद्दल शंका आली तर पुरावा मागा. पेशंट अल्पवयीन असेल तर ओळख पटलेली मोठी व्यक्ती सोबत असल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. बारावीतली मुलगी एकटीच कॉल करते तेव्हा हे सांगताना अवघड होतं, पण सांगावंच लागतं.

६. ‘पहिला सल्ला’ आणि ‘फॉलो-अप’ यांत नेमका फरक काय?

त्याच आजारासाठी पेशंटला तुम्ही गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलं असेल तर फॉलो-अप. आधी कधी पाहिलंच नसेल, सहा महिने उलटून गेले असतील किंवा तक्रार वेगळी असेल तर पहिला सल्ला.

चूक तिसऱ्या प्रकारात होते. शुगरसाठी वीस वर्षं येणाऱ्या काकू आज अंगावरच्या चट्ट्यासाठी कॉल करतात. आपल्या मनात त्या जुन्या पेशंट, नियमाच्या दृष्टीने त्या चट्ट्यापुरत्या नव्या.

७. कोणती औषधं लिहिता येतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गाइडलाइन्समध्ये औषधांच्या याद्या आहेत.

‘ओ’ यादीतली औषधं कोणत्याही माध्यमातून चालतात: पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या गोळ्या, म्हणजे जी प्रिस्क्रिप्शनविनाही मिळतात. ‘ए’ यादीतली औषधं पहिल्या सल्ल्यात लिहायची असतील तर व्हिडिओ हवाच. उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल किंवा म्युपिरोसिनचं मलम. फॉलो-अपमध्ये चालू असलेलं औषध पुढे सुरू ठेवणंही याच यादीत येतं, जसं रक्तदाबाचं एनालाप्रिल, मधुमेहाचं मेटफॉर्मिन. ‘बी’ यादी फक्त फॉलो-अपची: आधीच्या औषधाला त्याच आजारासाठी जोड द्यायची असेल तेव्हा. रक्तदाबात ॲटेनोलॉलला थायाझाइड किंवा मधुमेहात मेटफॉर्मिनला सिटाग्लिप्टिन जोडणं या प्रकारचं.

आणि निषिद्ध यादी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या शेड्युल एक्समधली (विक्रीवर सगळ्यात कडक नियंत्रण असलेली) औषधं आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात येणारी मादक व मनःप्रभावी द्रव्यं टेलिमेडिसिनवर लिहायची नाहीत. ऐकायला हे दूरचं वाटतं, पण चिंतेसाठी-झोपेसाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम आणि वेदनाशामक ट्रामाडॉल याच एनडीपीएसमध्ये मोडतात. ‘डॉक्टर, झोपेची तीच गोळी लिहून पाठवा’ हा फोन प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरला येतो. ओळखीचा माणूस असतो, नाही म्हणायला जड जातं. तरी बोलवून घ्या. मानसोपचारतज्ज्ञांसाठी निमहान्स ही बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी आणि टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया यांनी २०२० मध्ये टेलिसायकिॲट्रीची वेगळी मार्गदर्शिका काढली आहे. त्यांनी ती वाचावी.

यादीत बसतं म्हणून लिहायलाच हवं असंही नाही. निदान होण्याइतकी माहिती हाताशी नसताना औषध लिहिणं हेच गैरवर्तन आहे.

८. प्रिस्क्रिप्शन कसं पाठवायचं? नुसतं औषधाचं नाव टाइप केलं तर?

नुसतं नाव टाइप करू नका. नेहमीसारखं लेटरहेडवर लिहा, सही करा आणि फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पेशंटला पाठवा. नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव-वय-पत्ता, तक्रार आणि निदान त्यात हवं. औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायची हा प्रत्यक्ष ओपीडीचाच नियम इथेही आहे.

मेडिकलवाल्याला परस्पर पाठवायचं असेल तर पेशंटची स्पष्ट परवानगी घ्या, आणि मेडिकल कोणतं ते पेशंटनेच निवडायचं.

९. कोणत्या नोंदी ठेवायच्या, आणि किती काळ? कॉल रेकॉर्ड करावा का?

कॉलची किंवा चॅटची नोंद, आलेले रिपोर्ट आणि फोटो, संमती आणि दिलेल्या प्रिस्क्रिप्शनची प्रत. आचारसंहितेत दाखल पेशंटच्या नोंदींसाठी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे; इथेही किमान तेवढं सांभाळायचं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं.

व्हिडिओ रेकॉर्ड करण्याची सक्ती नाही. मी करत नाही. करणार असाल तर आधी सांगून परवानगी घ्या. त्यापेक्षा कॉल संपल्यावर लगेच चार ओळी लिहिण्याची सवय लावा: तक्रार काय होती, काय पाहिलं, काय सांगितलं, कोणत्या लक्षणांवर लगेच यायला सांगितलं. ही चौथी ओळ बहुतेकांच्या नोंदीत नसते, आणि पुढे वाद झाला तर तीच शोधली जाते.

१०. फी किती घ्यावी, आणि मागायची कशी?

प्रत्यक्ष भेटीसारखीच फी घेता येते, आणि पावती द्यावी लागते. आधी यूपीआय, मग कॉल, असा क्रम पहिल्या दिवसापासून ठेवा. कॉलनंतर मागायला संकोच वाटतो आणि मग ती राहूनच जाते. विमा नियामकाने जून २०२० मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं आहे की पॉलिसीत डॉक्टरचा सल्ला धरलेला असेल तिथे टेलिमेडिसिनही धरावं. पावती नसेल तर पेशंटचा तो हक्क आपल्यामुळे बुडतो.

११. हात न लावता कसं कळणार?

पुष्कळ वेळा नाही कळत, आणि हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी. पोटदुखीत पोट दाबून बघावं लागतं. छातीतली घरघर फोनमधून ऐकू येत नाही. कान, घसा, गाठ, सूज यांत व्हिडिओची मजल थोडीच.

पण बघण्यासारखंही खूप असतं. पेशंटला फोन भिंतीला टेकवून उभं राहायला आणि खोलीत चालायला सांगा. बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागतो का, ते ऐका. लहान मूल असेल तर आईला त्याचा अंगरखा वर करायला सांगून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या आतल्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास असतील, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर व्हिडिओ तिथेच संपवायचा आणि मूल आणायला सांगायचं. रक्तदाब किंवा शुगरचा पेशंट असेल तर घरचं मशीन आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तुमच्या मशीनशी ताडून घ्या. नाहीतर आकडे येतात पण विश्वास कशावर ठेवायचा ते कळत नाही.

त्वचेचा फोटो दिवसा, खिडकीजवळ, शेजारी नाणं ठेवून मागवा. ट्यूबलाइटखाली लाली ओळखता येत नाही. आणि पेशंटची भाषा नीट उलगडून घ्या. ‘छातीत कसंतरी होतंय’ यात ॲसिडिटीही असते आणि हार्ट ॲटॅकही. समोर बसलेल्या माणसाचा हात कुठे जातो ते आपल्याला दिसतं. फोनवर ते विचारावं लागतं: कुठे दुखतं, एका बोटाने दाखवता येतं की सगळी मूठ ठेवावी लागते?

शंका राहिली तर ‘या, बघायला पाहिजे’ असं म्हणा. गाइडलाइन्सनुसार डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही कोणत्याही टप्प्यावर प्रत्यक्ष भेटीकडे वळता येतं. उलट, पेशंट यायला तयार असताना टेलिमेडिसिनचाच आग्रह धरणं हे गैरवर्तनात मोजलं आहे.

१२. मुलगा अमेरिकेत, आई-वडील पुण्यात. मुलगाच फोन करून विचारतो. सल्ला द्यायचा का?

आई शेजारी असेल, बोलू शकत असेल, तर आधी तिला कॉलवर घ्या. नव्वद टक्के गुंता तिथेच सुटतो. ती कॉलवर नसेल तर दोन शक्यता. पेशंट स्मृतिभ्रंशासारख्या कारणाने स्वतः बोलू शकत नसेल, तर काळजीवाहक तिच्या वतीने बोलू शकतो असं गाइडलाइन्स मानतात. पेशंट धडधाकट असेल, तर मुलाकडे तिने दिलेलं लेखी अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला कागद हवा, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत ‘माझ्या मुलाशी बोला’ असं तिनेच तुम्हाला सांगितलेलं असायला हवं.

मी आता वयस्कर पेशंटच्या पहिल्या भेटीतच विचारतो: तुमच्याबद्दल मी कोणाशी बोलू? नाव केसपेपरवर लिहितो. परदेशातल्या मुलांची घालमेल खरी असते, पण आईला न विचारता तिचे रिपोर्ट त्यांना वाचून दाखवायचा अधिकार त्या काळजीतून मिळत नाही.

१३. माझा जुना पेशंट आता दुबईला आहे. त्याला व्हिडिओवर बघू का?

या गाइडलाइन्स भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत, म्हणजे त्यांचं संरक्षणही मिळत नाही. पेशंट जिथे बसला आहे तिथला कायदा लागू होऊ शकतो आणि तिथे तुमची नोंदणी नाही. जुने रिपोर्ट पाठवा, तिथल्या डॉक्टरला द्यायला सविस्तर पत्र लिहून द्या. औषध लिहू नका. तुमची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने भरपाईचा दावा केला तर कामी येणारा डॉक्टरचा विमा, अशा सल्ल्याला धरते का तेही आधी विचारा. भारतातल्या टेलिमेडिसिनसाठीसुद्धा तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

१४. इमर्जन्सीचा कॉल आला तर कट करायचा का?

अजिबात नाही. प्रथमोपचार सांगा, धीर द्या, जवळचं हॉस्पिटल सांगा, १०८ ला फोन करायला लावा आणि प्रत्यक्ष उपचार लवकरात लवकर घ्यायला सांगा. दवाखान्यापासून जवळची अशी तीन हॉस्पिटलं आणि त्यांचे फोन कागदावर लिहून कॅमेऱ्यामागे चिकटवून ठेवा. कॉल सुरू होताच पेशंट आत्ता कुठे आहे ते विचारा. केसपेपरवर पत्ता सातारचा आणि माणूस शेतात, असं होतं.

१५. कंपाउंडर, नर्स किंवा एखादं एआय ॲप पेशंटशी बोललं तर चालेल का?

माहिती गोळा करायला, रक्तदाब मोजून सांगायला, कॉल जोडून द्यायला माणसं हवीतच. उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर काम चालतं तेही असंच: तिथला आरोग्य कर्मचारी पेशंटजवळ, डॉक्टर पडद्यावर. सल्ला आणि प्रिस्क्रिप्शन मात्र डॉक्टरचंच. एआयबद्दल गाइडलाइन्स स्पष्ट आहेत: ते डॉक्टरला मदत करू शकतं, पेशंटला स्वतः सल्ला देऊ किंवा औषध लिहू शकत नाही.

१६. मी बीएएमएस किंवा बीएचएमएस आहे. हे सगळं मला लागू आहे का?

हा दस्तऐवज आधुनिक वैद्यकासाठी आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीसाठी तेव्हाच्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने (सीसीआयएम) आणि होमिओपॅथीसाठी तेव्हाच्या केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये वेगळ्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्स काढल्या. वरच्या औषधयाद्या तशाच्या तशा उचलू नका.

१७. जाहिरात करता येते का?

टेलिमेडिसिनसाठी पेशंट ओढायला जाहिरात किंवा आमिष दाखवणं मना आहे. ‘पहिला कॉल मोफत’ हे आमिषातच जमा. तुमच्या पेशंटना वेळ आणि नंबर कळवणारी पाटी दवाखान्यात लावा, पुरेशी आहे.

१८. माहिती फुटली तर माझी जबाबदारी किती?

तंत्रज्ञानातल्या त्रुटीने किंवा दुसऱ्या कोणामुळे गोपनीयता भंगली, आणि तुम्ही वाजवी काळजी घेतली होती, तर गाइडलाइन्स तुम्हाला दोषी धरत नाहीत. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वेगळा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एकट्या दवाखान्याने घाबरून जाऊ नये, पण पेशंटच्या जखमेचा फोटो फोनच्या गॅलरीत मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडून राहता कामा नये. फोनला लॉक, चॅटचा बॅकअप कुठे जातो याची माहिती, आणि रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेली की पासवर्ड बदलणं, एवढं आजच करा. डॉक्टरांच्या ग्रुपवर केस टाकताना चेहरा आणि नाव झाका.

१९. व्हिडिओवर बघून मेडिकल सर्टिफिकेट देता येईल का?

मी देत नाही. आचारसंहितेनुसार सर्टिफिकेटची नोंदवही ठेवावी लागते आणि त्यात पेशंटची सही किंवा अंगठा आणि किमान एक ओळखखूण घ्यावी लागते. व्हिडिओवर हे नीट होत नाही. फिटनेस सर्टिफिकेटचा तर प्रश्नच येत नाही. पेशंटला गरज असेल तर कोणत्या तारखेला टेलिमेडिसिनने सल्ला दिला आणि किती दिवस विश्रांती सांगितली, हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्या.

२०. उच्च न्यायालयाने फोनवर उपचार करणं गुन्हा ठरवलं आहे, हे खरं का?

जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोकणातल्या एका प्रकरणात डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला होता, त्यावरून ही भीती पसरली. त्या प्रकरणात बाळंतीण हॉस्पिटलमध्ये दाखल होती, तिथे डॉक्टर हजर नव्हते, फोनवरून उपचार सांगितले गेले आणि ती दगावली. ते प्रकरण गाइडलाइन्सच्या आधीचं. निकाल जामिनावर होता. त्यातून टेलिमेडिसिनवर बंदी येत नाही. पण निदान न करता औषध देण्याबद्दल न्यायालयाने जे सुनावलं ते आजही लागू आहे, आणि दाखल केलेला पेशंट फोनवर सांभाळणं ही टेलिमेडिसिनची जागा नव्हे.

२१. ओळखीचा पेशंट रात्री फोन करतो, दोन मिनिटं बोलतो, फी नाही. तेही टेलिमेडिसिनच का?

हो. आणि हे आपण सगळे वर्षानुवर्षं करत आलो आहोत, बिनानोंदीचं. फी घेतली नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. उशाशी छोटी वही ठेवा: वेळ, नाव, तक्रार, काय सांगितलं. सकाळी दवाखान्यात आल्यावर ते केसपेपरवर चढवा, पेशंटला एक फोन करून कसं आहे ते विचारा, आणि औषध सांगितलं असेल तर प्रिस्क्रिप्शन लिहून पाठवा.